पहिली ते पदवी : शासन किती देते, घरातून किती जाते?

पाड्यावर दोन वाक्ये नेहमी कानावर येतात. 'सरकारी शाळा तर फुकट आहे' हे एक, आणि 'कॉलेजची फी आपल्याला झेपायची नाही' हे दुसरे. दोन्ही अर्धीच खरी आहेत. पहिल्यामुळे पालक पुढच्या खर्चाची तयारी करत नाहीत आणि दुसऱ्यामुळे हुशार मूल दहावीनंतर वीटभट्टीच्या कामाला लागते. म्हणून या पाठात शिक्षणाच्या प्रत्येक टप्प्यावर शासनाचा आणि घराचा वाटा किती असतो ते क्रमाने पाहू.

१. अंगणवाडी ते आठवी : येथे हक्क आहे

अंगणवाडीला फी नाही. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वयाच्या मुलांचे शिक्षण मूलभूत हक्क झाले आणि त्यासाठीचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. जिल्हा परिषदेच्या शाळेत फी, पुस्तके आणि दुपारचे जेवण यांचा भार शासनावर असतो. आश्रमशाळेत त्याशिवाय राहण्याची व दोन वेळच्या जेवणाची सोय असते. खाजगी विनाअनुदानित शाळांनाही प्रवेशाच्या वर्गात २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांसाठी ठेवाव्या लागतात. पण जेथे अशी शाळाच नाही, त्या डोंगरातल्या पाड्याला या तरतुदीचा उपयोग थोडा.

२. नववी ते बारावी : हक्क संपतो, योजना सुरू होतात

१९९३ च्या उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की चौदा वर्षांपर्यंतचे शिक्षण हा हक्क आहे. त्यापुढचे शासनाच्या आर्थिक कुवतीवर अवलंबून राहील. हा फरक नीट ध्यानात घ्यावा. हक्क मागता येतो. योजनेसाठी मात्र अर्ज करावा लागतो, अटी पाळाव्या लागतात आणि मुदत सांभाळावी लागते. आश्रमशाळा, सहावी ते बारावीच्या एकलव्य निवासी शाळा आणि आदिवासी विकास विभागाची वसतिगृहे येथे मोठा आधार देतात. राज्यात मुलींना बारावीपर्यंत शिक्षण मोफत आहे. तरीही अनेक आश्रमशाळा दहावीलाच थांबतात आणि अकरावीसाठी तालुक्याला जावे लागते. तेथे फीपेक्षा खोली, खाणावळ आणि एसटीचा पास जड जातो.

३. पदवी : महाविद्यालय कोणते, यावर खर्च ठरतो

अनुदानित महाविद्यालयात प्राध्यापकांचा पगार शासन देते, म्हणून फी कमी असते. विनाअनुदानित महाविद्यालयात पगार आणि इमारतीचा खर्च विद्यार्थ्यांच्या फीतूनच निघतो. महाराष्ट्राने १९८३ पासून खाजगी विनाअनुदानित अभियांत्रिकी व वैद्यकीय महाविद्यालयांना वाट दिली. जागा वाढल्या आणि फीही वाढली. म्हणजे जसजशी पायरी वर, तसतसा शासनाचा थेट हात आखडतो आणि घराचा खर्च वाढतो. ही फट बुजवण्यासाठी शिष्यवृत्ती आहे.

४. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती

पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्याला अनिवार्य फी आणि निर्वाह भत्ता मिळतो. यातला ७५ टक्के भार केंद्राचा, २५ टक्के राज्याचा. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर राज्याची शिक्षण फी व परीक्षा फीची वेगळी योजना आहे. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर दरवर्षी भरावा लागतो. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. तीत राहण्या-जेवणाची रक्कम खात्यात जमा होते.

दोन गोष्टी मात्र पालकांना आधीच सांगाव्यात. परत मिळणारी अनामत रक्कम शिष्यवृत्तीत येत नाही. आणि व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला हा लाभ मिळत नाही. व्यावसायिक अभ्यासक्रमाचा प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतूनच घ्यावा.

५. अडते कोठे?

पैसा मंजूर असतो, पण हप्ता उशिरा येतो. फी जूनमध्ये मागितली जाते आणि खोलीचे भाडे तर दर महिन्याला लागते. या मधल्या काळात उसनवारी होते, नाहीतर मूल घरी परत येते. पहिल्या वर्षातली गळती पुष्कळदा अभ्यास न जमल्याने नव्हे, या काही महिन्यांमुळे होते.

दुसरी अडचण जात वैधता प्रमाणपत्राची. व्यावसायिक शिक्षणातल्या राखीव जागेसाठी ते लागते आणि पडताळणी समिती १९५० पूर्वीचे पुरावे पाहते. ज्या घरात आजोबा शाळेतच गेले नाहीत, तेथे आजोबांचा शाळेचा दाखला कोठून येणार? अशा वेळी जुन्या महसुली नोंदी, जन्म-मृत्यूच्या नोंदी आणि रक्ताच्या नातेवाइकाचे वैधता प्रमाणपत्र शोधावे लागते. हे काम महिन्यांचे आहे. बारावीच्या निकालानंतर सुरू करून भागत नाही.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

• नववीत असतानाच मुलाचा जातीचा दाखला आणि आधारशी जोडलेले बँक खाते तयार आहे का ते पाहावे. उत्पन्नाचा दाखला वेळेवर नवा करून घ्यावा.
• अकरावीला वैधतेचा अर्ज भरून घ्यावा.
• प्रवेशाआधी महाविद्यालय अनुदानित आहे की विनाअनुदानित, हे विचारावे. फीचा तक्ता लेखी मागावा.
• भरलेल्या प्रत्येक रकमेची पावती जपून ठेवावी.
• अर्ज अडकला तर एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.
• गावातल्या बचत गटाने विद्यार्थ्यांसाठी थोडा फिरता निधी ठेवावा. शिष्यवृत्ती आली की रक्कम परत करायची.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या पाड्यातली किती मुले दहावीनंतर थांबली? प्रत्येकाचे कारण फी होते, राहण्याचा खर्च होता की कागद?
२. यंदा नववीत असलेल्या मुलांपैकी कोणाच्या घरी १९५० पूर्वीचा एकही कागद नाही?
३. हप्ता येईपर्यंतचे चार महिने एका विद्यार्थ्याला सांभाळायला आपल्या गावाला किती रुपये लागतील?