उतारावरचा चुकीचा गिअर आणि इंजिनचे नुकसान



उसाची लागण, बेणे आणि खते यांवर आम्ही या पानांतून नेहमी लिहितो. आज मात्र विषय ट्रॅक्टरच्या गिअरचा आहे. ऊस विकास विभागाचा आणि गिअरचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध सरळ आहे. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गव्हाणीत पडला पाहिजे. ऐन हंगामात ट्रॅक्टरचे इंजिन बसले, की ट्रॉलीतला ऊस रस्त्यावर वाळतो, फडातल्या मोळ्या उन्हात पडून राहतात, वजन घटते, साखर उतरते आणि टोळी बसून खाते. वर ट्रॅक्टरचा हप्ता चुकत नाही तो नाहीच. वर्षभर पाणी देऊन वाढवलेल्या उसाचे नुकसान शेवटच्या दहा मैलांत होऊ नये, म्हणून हा पाठ.

टेंभुर्णीला पुणे-सोलापूर महामार्गाला पंढरपूर, कुर्डुवाडी आणि अकलूजकडचे रस्ते येऊन मिळतात. आपला भाग घाटाचा नव्हे, हे खरे. पण ओढ्यांचे उतार, उजनी कालव्यावरचे पूल आणि महामार्गावरच्या पुलांचे चढउतार सगळीकडे आहेत. मागे दोन भरल्या ट्रॉल्या असल्या, की पंधरा-वीस टन ओझे ट्रॅक्टरला ढकलत असते. अशा वेळी थोडा उतारही घाटासारखाच समजावा.

गिअर दोन तऱ्हेने चुकतो. पहिली तऱ्हा म्हणजे गिअर पडतच नाही. दांडा न्यूट्रलमध्ये राहतो, खरखर आवाज होतो आणि ॲक्सिलेटर दाबलेला असला तर इंजिन रेस होते. यात दात झिजतात, पण इंजिन सहसा वाचते. कारण डिझेल पंपाचा गव्हर्नर फेरे ठरावीक हद्दीपलीकडे गेले, की डिझेल तोडतो.

दुसरी तऱ्हा घातकी आहे. गाडी वेगात असताना वरच्या गिअरऐवजी खूप खालचा गिअर पडतो. अशा वेळी इंजिन चाकांना फिरवत नाही, तर चाकेच इंजिनाला फिरवतात. इथे गव्हर्नरचे काही चालत नाही. तो फार तर डिझेल बंद करील, पण मागून ढकलणारे वीस टन ओझे कसे बंद करणार? नव्या मोटारींतही फेऱ्यांना आळा घालणारी यंत्रणा असते. पाचव्यातून चौथ्यात जाताना चुकून दुसरा पडला, तर तीही अशीच हतबल होते. घरी जीप किंवा मोटार असलेल्या सभासदांनी हे ध्यानात ठेवावे.

आता हिशेब करू. समजा, ट्रॅक्टरचे इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेते, तेव्हा वरच्या गिअरमध्ये वेग ताशी ३० किलोमीटर आणि मधल्या एका गिअरमध्ये १५ किलोमीटर असतो. ताशी ३० ने जाताना तो मधला गिअर पडला, तर इंजिनाला ४,००० फेरे घ्यावे लागतील. उतारावर न्यूट्रल करून वेग ४५ वर गेला आणि मग तोच गिअर पडला, तर ६,००० फेरे! म्हणजे तिप्पट. पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड यांना बसणारी ओढ फेऱ्यांच्या वर्गाने वाढते. दुप्पट फेऱ्यांना चौपट ओढ, तिप्पट फेऱ्यांना नऊपट. क्लच आणि टायर थोडे घसरतात म्हणून कधी कधी निभावते, पण त्याच्या भरवशावर राहू नये.

आत काय होते तेही पाहा. व्हॉल्व्हची स्प्रिंग एवढ्या वेगात व्हॉल्व्ह वेळेवर मिटवू शकत नाही. डिझेल इंजिनात पिस्टन वर आला, की डोक्याशी जागा अगदी थोडी उरते. उघडा राहिलेला व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतो, व्हॉल्व्ह आणि पुशरॉड वाकतात. कनेक्टिंग रॉडचा बोल्ट ताणला जातो. तो तुटला तर रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. क्लच प्लेटचे अस्तरही उडू शकते. ताणलेला बोल्ट कधी कधी त्या दिवशी टिकतो आणि नंतर भर रस्त्यात तुटतो. म्हणून “काल काही झालं नाही” यावर विसंबू नये.

या सगळ्याचे मूळ बहुधा न्यूट्रलमध्ये असते. डिझेल वाचेल म्हणून ड्रायव्हर उताराला न्यूट्रल करतो. वेग वाढतो, घाबरून तो पुन्हा गिअर टाकायला जातो आणि हाताला लागेल तो गिअर पडतो किंवा एकही पडत नाही. खरे पाहता गिअरमध्ये राहून ॲक्सिलेटर सोडला, तर चाके इंजिन फिरवत असतात आणि गव्हर्नर डिझेल जवळजवळ बंद करतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जळतच राहते. म्हणजे बचत होतच नाही. २० नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्याच्या नवले पुलावर उतारावरून आलेल्या मालमोटारीने सुमारे ४८ वाहनांना ठोकरले. इंधन वाचवण्यासाठी चालकाने इंजिन बंद केले असावे, असे पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आले होते. आपल्या ट्रॉल्यांना तर बहुधा ब्रेकही नसतात.

ड्रायव्हरला पुढील गोष्टी समजावून द्याव्यात :

१) गिअर उताराच्या माथ्यावरच निवडावा. भरल्या ट्रॉल्यांसह जो उतार ज्या गिअरमध्ये चढाल, त्याच गिअरमध्ये तो उतरावा. जुन्या ट्रॅक्टरात चालत्या गाडीत गिअर नीट पडत नाही. तेव्हा माथ्यावर थांबून गिअर टाकावा.

२) उतारावर क्लच दाबून ठेवू नये. क्लच दाबणे म्हणजे न्यूट्रलच.

३) रस्त्यावर ब्रेकची दोन्ही पायडले कडीने जोडलेली असावीत.

४) चुकीचा गिअर पडून इंजिन किंचाळले, तर क्लच लगेच दाबावा, दांडा बाहेर काढावा, ब्रेक हळूहळू लावून गाडी कडेला घ्यावी. वेग मोडेपर्यंत दुसरा गिअर शोधत बसू नये.

५) नंतर टकटक आवाज, जादा धूर किंवा ओढ कमी वाटली, तर इंजिन बंद करावे आणि पुन्हा पुन्हा स्टार्टर मारू नये. आवाज नसला तरी मिस्त्रीकडून टॅपेटचे अंतर आणि पुशरॉड तपासून घ्यावेत. फेरे फार वर गेले असतील, तर रॉडचे बोल्टही बघून घ्यावेत.

शेवटी मालकांसाठी दोन शब्द. गिअर चुकतो ड्रायव्हरच्या हातून, पण त्याची घाई पुष्कळदा आपण लावलेली असते. रात्रभर जागलेल्या पोराला “अजून एक खेप मार” म्हणायचे आणि इंजिन फुटले की त्याच्या पगारातून कापायचे, हा न्याय नव्हे. उतारावर उशीर झाला तर चालेल, असे मालकाने स्वतःच्या तोंडाने सांगितले पाहिजे. नवा ड्रायव्हर ठेवताना आधी रिकाम्या ट्रॉलीने, मग अर्ध्या भाराने त्याला उतार उतरवून पाहावे. गाळप सुरू होण्यापूर्वी ट्रॅक्टरचे तेल-पाणी आपण बघतोच, त्याच दिवशी ड्रायव्हरला शेजारी बसवून हा लेख वाचून दाखवावा, ही विनंती.