घरच्या संगणकाचे भाग कसे निवडावे ?

आपल्या शहरांतील पाणचक्की प्रत्येक विद्यार्थ्यानें पाहिलेली असेल. डोंगरांतील पाणी मातीच्या नळांतून आणून उंचावरून पात्यांवर पाडावें आणि त्या जोरावर जातें फिरावें, अशी तिची योजना. जातें कितीही थोर घेतलें, पण नळ अरुंद राहिला, तर पीठ पडावयाचें नाहीं. सुटे भाग घेऊन संगणक जुळवितांना हाच नियम लक्षांत ठेवावा लागतो.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० ह्या प्रणालीस मिळणारा नित्याचा आधार बंद झाला, आणि पुष्कळ घरांतील जुने संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहींत असें दिसून आलें. तेव्हांपासून, मध्यम खर्चांत घरांतील सर्वांस उपयोगी पडेल असा संगणक कसा घ्यावा, असें पालक आम्हांस विचारीत असतात. म्हणून हा लेख.

दुकानांत पाऊल टाकण्यापूर्वीं घरांतील प्रत्येकाचें काम कागदावर लिहावें : मुलांचा अभ्यास, वडिलांचा हिशेब, ताईचें चित्रफितींचें संपादन, कधींमधीं एखादा खेळ. ह्या कामांस सहा कोअरचा प्रोसेसर पुरेसा होतो. चित्र दाखविण्याची सोय त्यांतच असेल, तर निराळें ग्राफिक्स कार्ड प्रारंभीं लागत नाहीं. इंटेलच्या कांहीं प्रोसेसरांच्या नांवाअखेर ‘एफ’ हें अक्षर असतें; त्यांत ही सोय नसते. थोडे रुपये वांचतात म्हणून तो आणावा आणि घरीं आल्यावर पडदा काळाच राहावा, असें होऊं नये.

प्रोसेसर मदरबोर्डावर ज्या जागीं बसतो, तिला सॉकेट म्हणतात. एका कंपनीचा प्रोसेसर दुसरीच्या सॉकेटांत बसत नाहीं. एकाच कंपनीच्या दोन पिढ्यांचे सॉकेटही भिन्न असूं शकतात. ए.एम.डी. कंपनीनें २०२२ सालीं आणलेल्या ए.एम.५ सॉकेटास निदान २०२७ पर्यंत आधार देऊं असें सांगितलें आहे. तेव्हां पुढें केवळ प्रोसेसर बदलून तोच बोर्ड चालविण्याची आशा राहते. ह्या सॉकेटाच्या बोर्डावर डी.डी.आर.५ रॅमच चालते. घरांतील जुनी डी.डी.आर.४ तेथें बसणार नाहीं, कारण दोहोंच्या खांचा निरनिराळ्या जागीं असतात.

रॅम १६ जी.बी. घ्यावी, आणि तीही ८ जी.बी.च्या दोन पट्ट्यांच्या रूपानें. त्यायोगें माहितीस ये-जा करण्यास दोन वाटा मिळतात. प्रोसेसरांतील चित्रव्यवस्था हीच रॅम वापरते, म्हणून तिला ह्याचा विशेष लाभ होतो. साठवणीसाठीं एस.एस.डी. घ्यावी, फिरत्या चकतीच्या डिस्कहून ती कितीतरी चपळ असते.

आतां ज्या भागाकडे कोणी पाहत नाहीं, त्याविषयीं. कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीं स्वतः संगणक जुळविला. मोहानें भपकेदार ग्राफिक्स कार्ड घेतलें, आणि पैसे पुरेनात म्हणून नांवगांव नसलेला पॉवर सप्लाय पतकरला. उन्हाळ्यांतील एका संध्याकाळीं वीज गेली, परत आली, आणि पेटींतून करपल्याचा वास आला. पॉवर सप्लाय गेला. जातांना बोर्ड व डिस्क घेऊन गेला. डिस्कमध्यें आमच्या मुलीचा महाविद्यालयाचा वर्षभराचा प्रकल्प होता, आणि त्याची दुसरी प्रत आम्हीं ठेविली नव्हती. तिनें आठ रात्री जागून तो पुन्हां लिहिला. ती आम्हांस एक शब्दही बोलली नाहीं, आणि तेंच आम्हांस अधिक लागलें. दोष दुकानदाराचा नव्हे, आमच्या निवडीचा होता.

म्हणून पॉवर सप्लाय नामांकित कंपनीचा, सुमारें ५५० वॉटचा आणि कांहीं वर्षांच्या हमीचा घ्यावा. ‘८० प्लस’ ही खूण तो वीज वायां किती कमी घालवितो हें सांगते. तेवढ्यावरून तो सर्वस्वीं सुरक्षित आहे असें मात्र समजूं नये. आपल्याकडे उन्हाळ्यांत पारा चाळिशीपलीकडे जातो आणि धूळही पुष्कळ. तेव्हां पेटी हवेशीर व जाळीची असावी, घरांतील अर्थिंग तपासून घ्यावें, आणि यू.पी.एस.साठीं निराळे पैसे राखावे.

सर्व खर्चाचे सोळा आणे धरले, तर आमच्या मतें प्रोसेसरास चार, बोर्डास तीन, रॅमला तीन, एस.एस.डी.स दोन, पॉवर सप्लाय व पेटीस दोन, आणि मॉनिटर, कीबोर्ड व माउस ह्यांस दोन अशी वांटणी करावी. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव एकाएकीं चढले. म्हणून खरेदीच्या दिवशींचे भाव पाहून आणा-दोन आणे इकडचे तिकडे करावे. परंतु पॉवर सप्लायच्या वांट्यास हात लावूं नये.

विद्यार्थ्यांनो, अमेरिकेनें हवा तो महासंगणक देण्याचें नाकारल्यावर, १९८८ सालीं स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें डॉ. विजय भटकर ह्यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ सालीं ‘परम ८०००’ सिद्ध केला. त्याचें बळ एका अतिबलाढ्य प्रोसेसरांत नव्हतें. अनेक प्रोसेसर एकमेकांशीं जुळवून एका कामास लाविले होते. घरच्या लहानशा पेटीसही तोच न्याय लागू आहे. भाग मध्यम असले तरी चालतील, ते एकमेकांस साजेसे असावे. आणि संगणक चालूं झाल्यावर पहिल्याच दिवशीं आपल्या कामाची दुसरी प्रत अन्यत्र ठेवण्याची संवय लावून घ्यावी.