तारेला न शिवता म्हैस कशी दगावली?

प्रश्न : वादळात तार तुटून आमच्या शेतात पडली. गावभर लाइट नव्हती. तरी दुसऱ्या दिवशी तिकडे चरायला गेलेली म्हैस तारेपासून चार हात लांबच कोसळली आणि गेली. तारेला न शिवता हे कसं झालं?
– एक वाचक, ता. दापोली

उत्तर : तार जिवंत होती, आणि तिच्याभोवतीची ओली जमीनही. तार टेकते तिथे जमिनीत विजेचा दाब सर्वात जास्त असतो आणि लांब जावं तसा तो उतरत जातो. म्हशीचे पुढचे पाय तारेकडे, मागचे चार-पाच फूट दूर. दोन्हीकडच्या दाबात जो फरक पडतो, त्यामुळे वीज पुढच्या पायांतून शिरून छातीतून, हृदयावरून मागच्या पायांत उतरते. माणसाचे पाय त्या मानाने जवळ असतात आणि वीज बहुतेक पायांतूनच फिरते. पण लांब टांग टाकली किंवा तोल जाऊन हात टेकले, की त्याचीही गत तीच.

म्हणून अशा तारेजवळ सापडलात तर पळू नका. दोन्ही पाय जुळवून, न उचलता, जमिनीवरून इंच इंच सरकवत निदान दहा मीटर दूर व्हा. कोणी पडलेलं दिसलं की घरचं माणूस धावतं आणि तेही पडतं, ही फार वाईट गोष्ट वारंवार घडते. अकरा हजार व्होल्टच्या तारेपुढे बांबूच्या काठीचाही भरवसा नाही. १९१२ वर किंवा वायरमनला फोन करा, लाइन बंद झाल्याचं त्याच्याकडून कळेपर्यंत गुरं-माणसं तिकडे फिरकू देऊ नका.

आता गावात अंधार असताना तार जिवंत कशी? कातळावर किंवा कोरड्या मातीवर पडलेल्या तारेतून कधी कधी इतका कमी प्रवाह जमिनीत जातो, की फ्यूज उडतच नाही. तुमच्या घरची लाइट दुसऱ्याच बिघाडाने गेलेली असू शकते. शिवाय सबस्टेशनमधून लाइन पुन्हा चालू करून पाहतात, तेव्हा काल बंद असलेली तार आज चालू होते.

तिसरं कारण आपल्याच पडवीत असतं, आणि त्याबद्दल मला जास्त कळकळीने सांगायचं आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, दापोली, मंडणगडकडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे लाइट नव्हती. डोंगरातल्या वाड्यांवर खांब खांद्यावरून न्यावे लागले. अशा वेळी लोक जनरेटर आणतात आणि त्याची वायर सरळ घरच्या सॉकेटला जोडतात. मेन स्विच चालू राहिला, तर ती वीज उलटी डीपीवर जाते. ट्रान्सफॉर्मर दोन्ही दिशांनी काम करतो : एरवी तो अकरा हजारांचे चारशे व्होल्ट करतो, आता घरच्या दोनशे तीसचे हजारो व्होल्ट करून लाइनवर चढवतो. वर खांबावर, परमिट घेऊन, लाइन बंद आहे म्हणून हात घालणारा वायरमन असतो.

इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्या. तो नसेल तर फ्रीज, पंखा वेगळ्या वायरने थेट जनरेटरलाच जोडा. आणि जनरेटर पडवीतही नको, खिडक्या-दारांपासून लांब अंगणात ठेवा. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्या माणसाला जागही येत नाही.