पुढाऱ्याची खिन्नता
पाठ : गणना 11:10–30

लावणीच्या दिवसांत पनवेलकडील एखाद्या लहान मंडळीत उपासनेस चारच माणसे जमतात, आणि वर्गणीची गोष्ट निघताच तीही उठतात. मग पुढाऱ्यास वाटते, हे काम आता पुरे. अशा बंधूस आम्ही प्रथम मोशेकडे नेतो.

लोक मान्न्यास कंटाळून मिसरातील मासे व काकड्या आठवून रडू लागले. मोशे त्यांच्याशी भांडला नाही. हा भार मला एकट्यास वाहवत नाही, त्यापेक्षा मरण बरे, असे त्याने परमेश्वरासच सांगितले. परमेश्वराने त्यास दटावले नाही; सत्तर वडील जमविण्यास सांगून भार वाटून दिला. पुढे एल्दाद व मेदाद छावणीतच संदेश देऊ लागले, तेव्हा यहोशवास ते खपले नाही. मोशेस मात्र आनंद झाला. दुसऱ्याचे काम ज्यास खपत नाही, त्याचा भार कोणी उचलावा तरी कसा? राजीनामा लिहिण्यापूर्वी गावातील दोन वडिलांस घरी बोलावून पाहावे.

तथापि सर्वच असंतोष वाटणीने शमत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी त्या वेळच्या अहमदनगरास अमेरिकन मराठी मिशनमध्ये पुष्कळ वर्षे सेवा केली. पण ख्रिस्त या देशास परक्या वेषात दिसतो, ही त्यांची खंत कोणा सोबत्याने मिटण्यासारखी नव्हती. 1917 साली त्यांनी मिशनचे वेतन सोडले आणि ‘देवाचा दरबार’ आरंभिला. त्यात बाप्तिस्मा न झालेल्यांसही जागा होती. 1919 साली ते वारले, तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. ते पुढे लक्ष्मीबाईंनी पुरे केले.