आकडे चिखल्याचेच हवेत

तू प्लॅन लिहायला बसलीस हे ऐकून मला फार बरं वाटलं, बाई. आपल्याकडे आधी दुकान टाकतात आणि हिशेब मग सुचतो. चिखल्यात अमूलचं पार्लर काढायचं तुझ्या मनात आहे, बाबांचे मॉईलच्या खाणीतून निवृत्तीचे पैसे आले आहेत, उरलेल्यासाठी मुद्रा कर्ज काढू म्हणतेस. मी बँकेत रोज असेच अर्ज बघते, म्हणून आज जरा मोकळेपणाने बोलते.

तुमसरला झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्प अहवाल मिळतो, तो आणू नकोस. त्यात फक्त नाव बदललेलं असतं. विक्री दरवर्षी ठरल्या टक्क्याने वाढते, वीज कधी जात नाही, फ्रीजर कधी बिघडत नाही. बँकेतल्या माणसाला दुसऱ्या पानावरच कळतं की हा कागद अर्जदाराने वाचलेलासुद्धा नाही. पण मला बँकेची चिंता नाही. असल्या कागदावर तूच विश्वास ठेवशील, याची भीती वाटते.

कंपनीकडचे आकडे मिळायला सोपे असतात. छोट्या पार्लरसाठी अमूल साधारण १०० ते १५० चौरस फूट जागा आणि दोन लाखांच्या आसपास गुंतवणूक सांगते. त्यात २५,००० रुपये परत मिळणारी अनामत आणि बाकी दुकानाची सजावट, फ्रीजर वगैरे. रॉयल्टी नाही. कमिशन छापील किमतीवर: पिशवीच्या दुधावर अडीच टक्के, दही-पनीर-तुपासारख्या पदार्थांवर दहा टक्के, आइस्क्रीमवर वीस टक्के. हे दर बदलतात, अर्ज करताना पुन्हा विचारून घे. पण तुझा सगळा प्लॅन या तीन दरांमधल्या फरकावर उभा राहणार आहे, म्हणून इथे थांबून नीट बघ.

समज, तू रोज ८० लिटर दूध ६० रुपयांनी विकलंस. गल्ला ४,८०० रुपयांचा, तुझ्या हाती १२०. पहाटे उठून क्रेट उतरवायचे, फुटलेल्या पिशव्या बाजूला काढायच्या, आणि महिन्याला ३,६०० रुपये. पदार्थ रोज दोन हजारांचे गेले तर महिन्याला ६,००० आणि आइस्क्रीम रोज एक हजाराचं गेलं तरी तेवढेच ६,०००. एकूण झाले १५,६००. आता भाडं ३,०००, फ्रीजर रात्रंदिवस चालणार म्हणून वीजबिल ३,५००, मदतीला एक मुलगा ६,०००. उरले ३,१००. दीड लाखाचं कर्ज पाच वर्षांसाठी बारा टक्क्यांनी घेतलंस, तर हप्ताच ३,३०० रुपयांच्या वर जातो. म्हणजे दुकान गजबजलेलं आणि तू दर महिन्याला घरून पैसे घालतेस.

घाबरू नकोस. हे आकडे मी नमुन्याला धरले आहेत आणि कागदावरच तोटा दिसला तर तो कागदावरच दुरुस्त करता येतो. भाड्याच्या गाळ्याऐवजी आपल्या घराची रस्त्याकडची खोली घेतलीस आणि पहिलं वर्ष मुलगा न ठेवता घरच्यांनीच पाळ्या केल्या, तर चित्र पालटतं. दुधाने गिऱ्हाईक दारात येईल, कमाई आइस्क्रीम आणि पदार्थांवर होईल. म्हणून दूध किती खपेल यापेक्षा दुधाला आलेला माणूस आणखी काय नेईल, ते शोध.

हे शोधणं अमूलच्या आणंदच्या कार्यालयातून कुणी करून देणार नाही. चिखल्याची खाण भूमिगत आहे, पाळ्यांवर चालते. पाळी सुटली की माणसं कुठल्या रस्त्याने घरी जातात, कुठे चहाला थांबतात, सोबत काय नेतात, ते वही घेऊन बघ. एकाच दिवशी नको. पगाराच्या आठवड्यात बघ आणि महिनाअखेरीलाही बघ. खाणीच्या वसाहतीत दूध विकत घेतात, पण शेतीवाल्या घरांत जनावरं आहेत आणि गवळ्याचा रतीब उधारीवर चालतो. तू उधारी देणार का? देणार असशील तर किती पैसे बाहेर अडकतील, तेही प्लॅनमध्ये लिही. आसपासच्या सितासावंगी आणि डोंगरी बुजुर्गची माणसं तुझ्याकडे येतील असं गृहीत धरू नकोस, त्यांना विचार. आणि आइस्क्रीम म्हटलं की विदर्भात दिनशॉ आठवतं. १९३२ पासूनची नागपूरची कंपनी आहे. गोबरवाहीपासून तुझ्या दारापर्यंत कुणाकुणाकडे त्यांचा फ्रीजर आहे, ते मोज.

वर्षही एकसारखं धरू नकोस. एप्रिल-मे महिन्यांत लग्नं आणि ऊन, तेव्हा आइस्क्रीम पळेल. पण त्याच दिवसांत वीज जाते. एकदा वितळून पुन्हा गोठलेला माल विकता येत नाही, तेव्हा इन्व्हर्टरचा खर्च सुरुवातीच्या गुंतवणुकीतच दाखव. जुलै-ऑगस्टमध्ये धानाची रोवणी, पाऊस, दुकान शांत. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया भरतात, दंडारीचे खेळ होतात, पाहुणे येतात, तेव्हा तूप-पनीर जाईल. धानाचे पैसे मात्र खरेदी केंद्रावरून कधी हातात पडतील सांगता येत नाही. बारा महिन्यांचे बारा रकाने कर आणि सगळ्यात वाईट महिन्यात हप्ता कुठून भरशील, ते आधी लिही. मी अर्ज बघते तेव्हा पहिली नजर तिथेच जाते.

कागदपत्रांचं फार ओझं घेऊ नकोस. अन्न सुरक्षेची नोंदणी किंवा उलाढालीप्रमाणे परवाना, उद्यम नोंदणी, ग्रामपंचायतीचा दाखला लागेल. मोजकीच माणसं असलेल्या छोट्या दुकानाला २०१७ च्या दुकान कायद्याप्रमाणे नुसती सूचना द्यावी लागते. भंडाऱ्याच्या जिल्हा उद्योग केंद्रात एकदा जाऊन ये. करार मात्र ओळन् ओळ वाच. आपल्या देशात फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही, मुख्यतः १८७२ चा करार कायदा लागू होतो. म्हणजे करारात जे लिहिलं तेच खरं. मुदत किती, जवळच दुसरं पार्लर देणार का, बंद केलं तर अनामत कधी परत, उरलेल्या मालाचं काय, हे सही करण्याआधी विचार.

आणि एक फार महत्त्वाचं, बाई. अमूलच्या नावाने खोट्या वेबसाइट आहेत, कंपनीने स्वतः लोकांना सावध केलं आहे. फोनवर गोड बोलून "नोंदणी शुल्क आजच भरा" म्हणणाऱ्याला एक रुपया पाठवू नकोस. अधिकृत क्रमांकावर तूच फोन कर. कुणाचे पैसे गेलेच तर लगेच १९३० या मदत क्रमांकावर कळवायचं.

अर्ज तुझ्या नावाने कर, खातंही तुझंच उघड. बायकोच्या नावावर दुकान आणि हिशेब दुसऱ्याकडे, असे अर्ज माझ्यासमोर खूप येतात. त्या बायकांना विचारलं की बिचाऱ्या नवऱ्याकडे बघतात. तुला तसं बसलेलं मला बघवणार नाही. प्लॅनमधला प्रत्येक आकडा तुला तोंडपाठ हवा, कारण तो तूच मोजलेला असेल.

बाबांचे पैसे सगळे यात घालू नकोस. जन्मभर खाणीत उतरून त्यांनी ते मिळवले आहेत, आईच्या औषधपाण्याला तेच आहेत. त्यांची हौस म्हणून ते "सगळे घे" म्हणतील, तरी तू ठरव की किती गेले तर घर हलणार नाही, आणि तेवढेच घे. मुद्राच्या किशोर गटात ५०,००० ते ५ लाखांपर्यंत कर्ज मिळतं, पण मिळतं म्हणून जास्त काढू नकोस.

बारा रकान्यांचा कच्चा कागद आधी मला पाठव. शिसपेन्सिलने लिही, खोडाखोड होणारच आहे. तोवर बाबांची मुदत ठेव मोडू नका.