गिटमध्ये ऑफिसचा ईमेल घरच्या प्रकल्पात का येतो?

प्रश्न : एकाच लॅपटॉपवर ऑफिसचं काम आणि माझा स्वतःचा छोटा प्रकल्प, दोन्ही चालतं. पण माझ्या प्रकल्पातल्या कमिटवरही ऑफिसचाच ईमेल उमटतो. कायमचा उपाय सांगाल का?

उत्तर : गिट सेटिंग्ज मुख्यतः तीन फायलींतून वाचतं : आधी सगळ्या यंत्रासाठीची सिस्टिम फाइल, मग तुमच्या होम फोल्डरमधली ग्लोबल आणि शेवटी त्या प्रकल्पापुरती लोकल. तीच सेटिंग दोन ठिकाणी असेल, तर नंतर वाचलेली चालते. म्हणजे लोकलचा शब्द अखेरचा.

‘गिट कॉन्फिग’ या कमांडला ‘लिस्ट’ आणि ‘शो-ओरिजिन’ हे पर्याय जोडून चालवा. कोणती ओळ कोणत्या फाइलमधून आली, ते समोर दिसेल. हे न पाहता फायलींत खाडाखोड करू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. सिस्टिम फाइलला तर हातच लावू नका. तिचा परिणाम त्या यंत्रावरच्या प्रत्येकावर होतो.

एकच प्रकल्प असेल, तर त्याच्या लोकल फाइलमध्ये ईमेल लिहिला की झालं. अनेक असतील, तर ते सगळे एका फोल्डरात ठेवा आणि ग्लोबल फाइलमध्ये ‘इन्क्लूड-इफ’ वापरा. ही सोय 2017 मधल्या 2.13 आवृत्तीपासून आहे. या फोल्डरासाठी वेगळी फाइल वाच, असं ती गिटला सांगते. फोल्डरच्या पत्त्याशेवटी तिरकी रेघ हवीच, नाहीतर आतले प्रकल्प जुळत नाहीत. शिवाय हा भाग नेहमीच्या ईमेलच्या ओळीखाली लिहा. वर लिहिलात तर ऑफिसचाच ईमेल जिंकेल.

आधीच्या कमिटवरचा ईमेल मात्र यानं बदलत नाही.