‘पहिले मराठी नाटक’ : वस्तुस्थिती आणि अभिमत

साहित्येतिहासात काही विधाने इतक्या वेळा उच्चारली जातात की त्यांचे स्वरूप तपासून पाहण्याची गरज कोणास वाटेनाशी होते. ‘मराठीतील पहिले नाटक अमुक होय’ हे अशा विधानांपैकी एक. पदव्युत्तर परीक्षेत ते एका वाक्याच्या उत्तरासाठी विचारले जाते. प्रबंधाच्या आरंभीच्या प्रकरणात पार्श्वभूमी म्हणून ते येते. आणि दोन्ही ठिकाणी ते निर्विवाद वस्तुस्थिती म्हणूनच वावरते. वास्तविक या विधानात वस्तुस्थिती आणि अभिमत ही दोन्ही एकमेकांत मिसळलेली आहेत. ती वेगळी कशी करावीत आणि तशी केल्याने अभ्यासात काय साधते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१

वस्तुस्थिती म्हणजे निश्चित आणि अभिमत म्हणजे अनिश्चित, अशी एक ढोबळ समजूत आढळते. ती स्वीकारता येत नाही. विष्णुदास भावे यांच्या ‘सीतास्वयंवर’ या नाटकाचा प्रयोग १८४३ मध्ये सांगली येथे झाला, हे वस्तुस्थितीचे विधान आहे. एखाद्याने तेथे १८५३ असे लिहिले, तर ते विधान चुकीचे ठरेल. परंतु त्याची जात बदलणार नाही. समकालीन कागदपत्र पुढे ठेवून ते दुरुस्त करता येईल. ‘भावे यांचे खेळ नाटक या संज्ञेस पात्र आहेत’ हे विधान मात्र निराळ्या जातीचे आहे. कितीही कागदपत्रे उपलब्ध झाली तरी केवळ त्यांच्या बळावर त्याचा निर्णय लागणार नाही. नाटक या संज्ञेने काय अभिप्रेत आहे, हे आधी ठरवावे लागेल आणि ते का, हेही सांगावे लागेल.

तेव्हा भेद आहे तो खात्रीच्या प्रमाणाचा नव्हे, कसोटीच्या प्रकाराचा. वस्तुस्थितीचे विधान पुराव्याने सिद्ध वा असिद्ध होते. अभिमत युक्तिवादाने टिकते किंवा ढासळते. येथे अभिमत आणि आवड यांतही फरक करावयास हवा. एखादे नाटक आवडणे हा रुचीचा भाग असून त्यावर वाद संभवत नाही. अभिमताला कारणे द्यावी लागतात, आणि जेथे कारणे दिली जातात तेथे त्यांचा प्रतिवादही होऊ शकतो. म्हणून ‘हे केवळ तुमचे मत आहे’ एवढे म्हटल्याने कोणतेही साधार अभिमत निकालात निघत नाही.

२

पहिल्या मराठी नाटकाच्या संदर्भात चार कृतींचा विचार प्रामुख्याने करावा लागतो. पहिली कृती तंजावरची. १६८४ मध्ये तंजावरच्या गादीवर आलेले शहाजीराजे भोसले यांच्या नावावर ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ हे मराठी नाटक आहे. तेलुगू यक्षगानाच्या धर्तीची ही परंपरा तमिळ प्रदेशातील मराठी राजदरबारात वाढली. दुसरी कृती उपरोक्त ‘सीतास्वयंवर’. सांगलीचे अधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने, कर्नाटकातील भागवत मंडळींच्या खेळांवरून प्रेरणा घेऊन भावे यांनी हा प्रयोग सिद्ध केला. पदे सूत्रधाराने म्हणावयाची आणि भाषणे पात्रांनी आयत्या वेळी रचावयाची, अशी त्याची रीत होती. ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो तो याच प्रयोगाच्या स्मरणार्थ.

तिसरी कृती जोतीराव फुले यांचे ‘तृतीय रत्न’. हे नाटक १८५५ मध्ये लिहिले गेले. मुद्रित स्वरूपात ते १९७९ मध्ये ‘पुरोगामी सत्यशोधक’ या नियतकालिकातून प्रथम प्रसिद्ध झाले. गर्भवती कुणबी स्त्रीला व तिच्या नवऱ्याला ग्रहांची भीती घालून लुबाडणारा जोशी आणि या व्यवहारावर मार्मिक भाष्य करणारा विदूषक यांच्या संवादांतून नाटक पुढे जाते व ते दांपत्य विद्येकडे वळते तेथे संपते. चौथी कृती विनायक जनार्दन कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ हे १८६१ मधील ऐतिहासिक गद्य नाटक.

आता हे चारही सन घटकाभर सर्वमान्य धरले, तरी पहिले नाटक कोणते हा वाद मिटत नाही. एरवी कालक्रम ठाऊक झाला की ‘पहिले’ कोण हे आपोआप ठरावे. येथे ते ठरत नाही, कारण मतभेद सनांविषयी नाहीच. तो ‘नाटक’ आणि ‘मराठी नाटक’ या संज्ञांच्या व्याप्तीविषयी आहे. मराठी भाषेतील नाट्यरचना एवढाच निकष असेल, तर तंजावरला अग्रमान द्यावा लागतो. महाराष्ट्रातील रंगभूमीच्या अखंड परंपरेचा आरंभ हा निकष असेल, तर भावे पुढे येतात. आधुनिक सामाजिक आशयाची स्वतंत्र लिखित संहिता हा निकष मानल्यास ‘तृतीय रत्न’ पुढे येते. आणि त्या संहितेचे तत्कालीन मुद्रण आवश्यक मानल्यास कीर्तने यांच्याकडे वळावे लागते. ‘पहिले’ हा शब्द दिसतो संख्यावाचक. परंतु त्याच्या पोटात एक निवड दडलेली असते.

३

ही निवड अटळ आहे, तिच्यात गैर काही नाही. गैर आहे ते तिचा उच्चार न करणे. निकष अनुक्त राहिला की अभिमत वस्तुस्थितीचा वेष धारण करते आणि त्याला कारणे विचारण्याची वाटच बंद होते.

‘तृतीय रत्न’च्या बाबतीत याचे परिणाम विशेष गंभीर आहेत. फुले यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) मध्ये या नाटकाचा उल्लेख केला आहे. १८५५ साली आपण ते दक्षिणा प्राइज कमिटीकडे सादर केले आणि कमिटीतील भट सभासदांच्या आग्रहामुळे ते नाकारले गेले, असा त्या उल्लेखाचा आशय आहे. येथे अभ्यासकाने तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. फुले यांनी असे लिहिले, ही वस्तुस्थिती आहे. नाटक सादर झाले व नाकारले गेले, हेही वस्तुस्थितीविषयक विधान असून त्याचा आधार स्वतः लेखकाची साक्ष हा आहे. नकाराचे कारण काय, हा मात्र इतरांच्या हेतूंविषयीचा निष्कर्ष आहे. समितीच्या दप्तराची आणि तिने पुरस्कारिलेल्या ग्रंथांची छाननी करून तो बळकट किंवा दुर्बळ करता येईल. साक्ष एका पक्षाची आहे म्हणून ती त्याज्य ठरत नाही. ती तपासावयाची असते.

याच ठिकाणी मुद्रणाच्या निकषाचे स्वरूप उघडे पडते. एखादी कृती तत्काली छापली गेली की नाही, ही वस्तुस्थिती खरी. परंतु ती छापली गेली नाही म्हणून साहित्येतिहासात तिची गणना होऊ नये, हे अभिमत आहे. आणि ज्यांना पुरस्कार व मुद्रणाची साधने सुलभ नव्हती अशा लेखकांना ते इतिहासाबाहेर ठेवते. हा निकष वापरणाऱ्याने एवढा परिणाम पत्करून त्याचे समर्थन केले पाहिजे.

उलट बाजूनेही तितकीच दक्षता हवी. ‘तृतीय रत्न’ला पहिल्या आधुनिक नाटकाचा मान देणाऱ्याने काळातील अग्रक्रम आणि प्रभाव यांची गल्लत करू नये. १९७९ पर्यंत हे नाटक मुद्रित स्वरूपात वाचकांपुढे आलेले नव्हते. त्यामुळे पुढील नाटककार त्याच्यापासून स्फूर्ती घेत आले, असे गृहीत धरता येत नाही. तसे म्हणावयाचे तर हस्तलिखिताच्या प्रसाराचा स्वतंत्र पुरावा द्यावा लागेल. तंजावरच्या नाटकांनाही हेच लागू पडते. ती आधीची आहेत एवढ्यावरून सांगलीचा प्रयोग त्यांतून उद्भवला असे सिद्ध होत नाही. ‘आद्य’ हे कालवाचक विशेषण आहे, ‘जनक’ हे कार्यकारणवाचक; एकाच्या पुराव्यावर दुसरे सिद्ध होत नाही.

४

प्रबंधलेखनात आणखी एका मार्गाने ही सरमिसळ होते, ती म्हणजे अवतरणांच्या द्वारे. एखाद्या मान्यवर समीक्षकाने अमुक नाटकास पहिले म्हटले, असे तळटीप देऊन नोंदविले जाते आणि पुढच्याच परिच्छेदात ते नाटक पहिले असल्याचे गृहीत धरले जाते. समीक्षकाने तसे म्हटले ही वस्तुस्थिती त्या समीक्षकाविषयीची असते, नाटकाविषयीची नव्हे. त्याच मताची पाच ठिकाणची अवतरणे दिली तरी पुरावा पाचपट होत नाही. पाचही जण एकाच आधीच्या ग्रंथावर विसंबलेले असू शकतात. यासाठी अवतरणाबरोबर त्या समीक्षकाने दिलेली कारणेही नमूद करणे आणि ती तपासणे आवश्यक ठरते.

अध्यापनाच्या दृष्टीने यातून एक साधी पद्धत हाती येते. ‘पहिले मराठी नाटक कोणते?’ या प्रश्नाचे नुसते नाव सांगून उत्तर देण्याऐवजी विद्यार्थ्याने पूर्ण विधान करावे : कोणत्या अर्थाने पहिले, कोणत्या पुराव्यावरून, आणि तोच अर्थ ग्राह्य का. यांपैकी दुसऱ्या भागाची तपासणी ग्रंथालयात व दप्तरखान्यात होईल, तिसऱ्याची चर्चेत. सन चुकला तर तो दुरुस्त करावा. निकष पटला नाही तर त्याविरुद्ध कारणे द्यावीत. एवढे पथ्य पाळले गेले, तर तंजावर, सांगली, पुणे यांपैकी कोणत्याही स्थळाचा मान हिरावून न घेता या नाटकांचा अभ्यास पुढे जाऊ शकेल, आणि उद्या एखादे नवे हस्तलिखित सापडल्यास विवेचनाचा कोणता भाग बदलावयाचा व कोणता तसाच ठेवावयाचा, हेही स्पष्ट राहील.